संघवी : 'संघ'ला 'वी' कुठून लागला?

'संघवी' हे आडनाव 'संघ'ला नुसता 'वी' जोडून झालंय का, आणि ते एखाद्या निवडून दिलेल्या पदाचं नाव होतं का, असा प्रश्न आला आहे.

नुसतं जोडलेलं नाही. संघपति, संघवइ, संघवी अशी प्राकृतातली वाट आहे. 'प'चा 'व' झाला, 'त' गळाला. आपल्या 'दळवी'चीही दलपति, दळवई अशीच वाट मानतात.

निवडणुकीचा मात्र संबंध नाही. साधू, साध्वी, श्रावक, श्राविका (म्हणजे गृहस्थ पुरुष आणि स्त्रिया) असा जैनांचा चतुर्विध संघ स्वखर्चाने तीर्थयात्रेला नेणारा गृहस्थ तो संघपती. मान यात्रेने मिळायचा. गिरनारच्या विक्रम संवत 1288च्या (इ.स. 1232) शिलालेखांत वस्तुपालाला शत्रुंजय-गिरनार या गुजरातेतल्या जैन तीर्थांच्या यात्रेमुळे संघाधिपत्य मिळाल्याचं कोरलेलंच आहे. हा गुजरातच्या वाघेला राजांचा मंत्री, खंभातचा कारभारही त्याच्याकडे. म्हणजे वाटेवरचा बंदोबस्त बघणारी सत्ता आणि यात्रा काढणारा श्रावक एकाच घरात.

पुढच्या शतकात ती सोय राहिली नाही आणि संघपतीचं काम खऱ्या अर्थाने कठीण झालं. इ.स. 1313 मध्ये शत्रुंजयावरची देवळं फोडली गेली. तेव्हा पाटणचा समराशाह अलाउद्दीन खिलजीचा गुजरातेतला अधिकारी अलपखान याच्याकडे गेला आणि जीर्णोद्धाराची परवानगी घेऊन आला. आरासणच्या खाणीतून संगमरवर आणून आदिनाथाची नवी मूर्ती घडवली, संघ काढला आणि 1315 मध्ये प्रतिष्ठा झाली. या उद्धारावर जैन आचार्य कक्कसूरींनी लिहिलेल्या संस्कृत प्रबंधात अलपखानाबद्दल आदराने लिहिलं आहे. देवळं फोडणारी आणि परवानगी देणारी राजवट एकच होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'सुलतानी काळ' असा एकच शिक्का मारला की प्रांताधिकाऱ्याच्या दारात झालेलं हे सगळं बोलणं दिसेनासं होतं. असल्या परवान्यांसाठी 'फुरमाण' हा शब्दही त्या काळच्या जैन लेखनात आला. आपलं 'फर्मान' तेच.

जुन्या धातुमूर्तींच्या पाठीवरचे लेख वाचणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं. आरंभी आकड्यांआधी येणारं 'सं.' म्हणजे संवत. पण पुढे माणसाच्या नावाआधी 'सं.' आलं तर ते संघपती किंवा संघवी. तिथेच 'श्रे.' म्हणजे श्रेष्ठी, 'मं.' म्हणजे मंत्री, 'व्य.' म्हणजे व्यवहारी. एका पिढीने यात्रा काढून मिळवलेलं 'सं.' पुढच्या पिढ्यांच्या नावांना चिकटत गेलं आणि त्याचं आडनाव झालं.