आयजीई वाढलं की लगेच ॲलर्जी म्हणू नकोस

नवीन दवाखाना टाकलास, छान झालं. करवीर-पन्हाळ्याकडचा एखादा शेतकरी अंगाला खाज, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले आणि आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) चढलेलं घेऊन आला, की लगेच ॲलर्जीचा शिक्का मारू नकोस. पोटातल्या जंतांविरुद्धही शरीर हेच हत्यार उपसतं. आधी शौच तपासून घे, शेतात अनवाणी जातो का ते विचार, कारण काही जंत मातीतून तळपायावाटे शिरतात. स्टिरॉइडची घाई तर मुळीच नको. स्ट्राँगिलॉइडिस जंत असला, तर स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि तो अंगभर पसरून जिवावर बेततं.

गाजर गवताच्या ॲलर्जीचं प्रकरण वेगळं. पापण्या, मान, कोपराची लवण काळवंडून जाड झालेली दिसते. हे काम आयजीईचं नाही, टी-पेशींचं (या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी), म्हणून पुरळ एक-दोन दिवसांनी उठतं. तिथे आयजीईवर पेशंटचे पैसे घालवू नकोस, पॅच टेस्टला (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून करायची चाचणी) पाठव.

पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट येतील, तेव्हा तापाचे दिवस मोज. पहिल्या ५ दिवसांत एनएस-१ (विषाणूचंच प्रथिन शोधणारी चाचणी), आयजीएम (त्याविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रतिपिंड) त्यानंतर. तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून ‘काही नाही’ असं सांगून घरी धाडू नकोस. आणि ताप उतरला की नातेवाईक निर्धास्त होतात, पण प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) रक्तवाहिन्यांतून झिरपायला लागतो तो त्याच सुमारास. पुढचे दोन दिवस रोज बोलावून हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) बघच, प्लाझ्मा झिरपला की ते चढतं.