नवीन किचन करताय? आधी ओट्याची उंची कोणाच्या मापाने, ते ठरवा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ओटा एल आकाराचा घ्यावा की समोरासमोर दोन ओटे, वर दगड कोणता टाकावा, आणि नंतर पस्तावायची वेळ येऊ नये म्हणून काय टाळावं. मी मात्र लिहायला बसलोय ते तुम्ही जाता जाता टाकलेल्या एका वाक्यामुळे. 'उंचीचं टेन्शन नाही, ती स्टँडर्डच असते असं डिझायनर म्हणाले.'

टेन्शन घ्या. बाकी सगळं सोडा आणि फक्त त्याचंच घ्या.

आमच्या घरी स्वयंपाक मी करतो आणि भांडी बायको घासते. लग्न झाल्यापासून ही वाटणी आहे आणि दोघांचीही तिच्याबद्दल तक्रार नाही. बारा वर्षांपूर्वी किचन नवीन केलं तेव्हा डिझायनर सुताराला घेऊन मापं घ्यायला आला. मी दारातच उभा होतो. पहिला प्रश्न आला, "वहिनी, ओट्याची उंची किती ठेवू या?" दुसरा, "वहिनी, मसाल्याचे डबे हाताशी हवेत ना?" बायकोने माझ्याकडे पाहिलं, कारण डबे कुठे असतात हे तिला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला म्हणून मी गॅलरीकडे सरकलो. परत वळून पाहतो तर बायको भिंतीला पाठ लावून, शाळेत उंची मोजायला उभं करतात तशी ताठ, कोपर काटकोनात वाकवून उभी, आणि सुतार कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारतोय.

माझी बायको ५ फूट, मी ६ फुटांना जेमतेम अर्धा इंच कमी. ओटा झाला ३३ इंचांचा.

हिशेब साधा आहे. घरात जी चप्पल घालता ती घालून (किंवा अनवाणी, जशी सवय असेल तसं) उभं राहायचं, दंड सैल सोडायचा, कोपर काटकोनात वाकवायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. त्यातून ४ ते ६ इंच वजा केले की चिरण्या-निवडण्याच्या ओट्याची उंची मिळते. बायकोचं कोपर ३८ इंचांवर, वजा ५, म्हणजे ३३. सुताराचं काही चुकलं नाही, त्याने अगदी शास्त्राप्रमाणे केलं. फक्त माणूस चुकीचा मोजला. माझं कोपर ४५ वर आहे, मला ४० हवा होता. बाजारात 'स्टँडर्ड' म्हणून ३६ इंच सांगतात, तोही मला खालीच पडला असता आणि तिला वर. तो आकडा म्हणजे सगळ्यांना थोडा थोडा न बसणारा शर्ट.

सात इंच ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण भाजी चिरताना मी पाय फाकवून, जिराफ पाणी प्यायला वाकतो तसा उभा राहतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात कंबर बोलायला लागली. शेवटी एका मोडक्या ड्रॉवरचं खोकं ओट्यावर पालथं घातलं आणि त्यावर चॉपिंग बोर्ड ठेवला. ते खोकं आजही तिथेच आहे. किचनवर भरपूर पैसे खर्च केलेल्या माणसाच्या ओट्यावर हे काय, असं पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, पण विचारत कोणी नाही.

आणि गंमत पुढेच आहे. तिच्या मापाचा ओटा निदान तिला तरी उपयोगी पडावा की नाही? पण तिचं काम सिंकमध्ये. सिंक ८ इंच खोल, म्हणजे तळ २५ इंचांवर. हात ओट्याच्या कडेवर नाही, तळाशी चालतात. म्हणून सिंकची कड ओट्यापेक्षा थोडी वर हवी. शेगडीचं उलट, तिथे पातेल्याची उंची वर मिळते आणि आत वाकून बघावं लागतं, त्यामुळे ती जरा खाली चालते. आम्ही सगळं एका सपाट रेषेत केलं, कारण चित्रात सरळ रेघ छान दिसते. परिणामी तिच्या मापाचा ओटा मला मिळाला आणि तिला मिळालं कोणाच्याच मापाचं नसलेलं सिंक. भांडी झाली की तीही कमरेवर हात ठेवून मागे वाकते. फक्त मी बघत असलो की वाकत नाही.

यावर माझं एक ठाम मत झालंय: जो तिथे उभा राहून काम करत नाही त्याने किचनचा एकही आकडा ठरवू नये. बायकोकडे याला एक तयार उत्तर आहे, आणि दुर्दैवाने ते मीच तिला पुरवलं. आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणावी असं फ्रँकफुर्ट किचन १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी केलं. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब खोली, आणि अशी सुमारे १०,००० किचन फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींमध्ये बसली. पुढे त्यांनीच मोकळेपणाने सांगितलं की ते डिझाइन करण्याआधी त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाक केला नव्हता, त्यातलं काही कळतही नव्हतं. हे मी एकदा जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितलं. बायको म्हणाली, "मग मी काय वेगळं केलं?" वेगळं हे की त्यांनी घड्याळ लावून कामं मोजली होती, कोणती वस्तू काढायला किती पावलं पडतात ते पाहिलं होतं, आगगाडीच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं किचन अभ्यासलं होतं. नुसतं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या नव्हत्या.

असो, तुमचा प्रश्न. एल की समोरासमोर? इंटरनेटवर कोणीही तुम्हाला त्रिकोण शिकवेल: फ्रिज, सिंक आणि शेगडी यांमधली प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, तिन्हींची बेरीज १३ ते २६ फूट. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हे ठरलं आणि आकडे आजही वाईट नाहीत. आमचा त्रिकोण १७ फुटांचा, म्हणजे परीक्षेत पास. फक्त त्याच्या पोटातून गॅलरीकडे जायची वाट आहे. मी उकळतं पातेलं घेऊन शेगडीवरून सिंककडे वळतो आणि त्याच क्षणी कोणीतरी वाळलेले कपडे छातीशी धरून, समोरचं काही न दिसता, चालत येतं. त्रिकोणाच्या बाजू सगळे मोजतात, त्यातून कोण चालतं ते कोणी बघत नाही. तुमच्या किचनमधून दुसऱ्या खोलीत जायची वाट असेल तर एल घ्या. नसेल तर समोरासमोर घ्या, पण दोन ओट्यांमध्ये एकट्यासाठी ४२ इंच आणि दोघांसाठी ४८ इंच मोकळे ठेवा. आमच्याकडे ३६ आहेत. एकाने ड्रॉवर उघडला की दुसऱ्याने थांबायचं, फाटक पडल्यासारखं. एलचा तोटा म्हणजे कोपरा. त्यात ठेवलेली वस्तू तुम्हाला घर बदलतानाच भेटते. तिथे वस्तू फिरवून पुढे आणणारं गोल चाक बसवा किंवा सरळ बंद करून टाका.

दगडाबद्दल थोडक्यात. मार्बल म्हणजे शेवटी चुन्याचाच दगड, लिंबाचा थेंब पडला की पॉलिश खातो, आणि तो डाग नसल्यामुळे पुसूनही जात नाही. क्वार्ट्झच्या पाट्या रेझिनने, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या चिकट पदार्थाने, बांधलेल्या असतात, त्यावर शेगडीवरचा तवा थेट टेकवलात तर खूण कायमची. ग्रॅनाइट उष्णता सोसतो, अधूनमधून सीलर, म्हणजे आत डाग मुरू न देणारा लेप, लावावा लागतो एवढंच. दिसायला कुठला छान हे मला विचारू नका.

दगडापेक्षा खालची पेटी बघा. सिंकखाली आमच्याकडे पार्टिकल बोर्ड होता, एका सांध्यातून थेंब थेंब गळत राहिलं आणि तो भिजलेल्या पुस्तकासारखा फुगला. सिंकखाली तरी पाण्यात टिकणारं प्लायवूडच लावा. ओट्याखाली दारांचे कप्पे नकोत, पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर हवेत. कप्प्यातली मागची वस्तू काढायला गुडघे टेकावे लागतात, ड्रॉवरमध्ये मागचं पुढे येतं. महाग पडतात हे मान्य, मग वरचं कोरीव काम कमी करा. तळाशी पायाची बोटं जायला ३ इंच आत खाच ठेवायला सांगा, नाहीतर तुम्ही ओट्यापासून लांब आणि पुढे झुकून उभे राहाल. दिवा छताच्या मधोमध एकच लावलात तर आयुष्यभर स्वतःच्या सावलीत चिराल. वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेजवळ दिवे हवेत. चिमणीचा पाइप बाहेर काढता येत असेल तर काढाच, आणि वळणं कमीत कमी ठेवा. कोळशाच्या फिल्टरची, हवा घरातच परत सोडणारी चिमणी तेलकटपणा थोडा धरते, वासही थोडा धरते, पण वाफ आणि उष्णता तुमच्याच अंगावर. प्लगचे पॉइंट तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट.

शेगडीच्या आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवा हे वेगळं सांगायला नको. पण फ्रिजच्या बाजूला कोणी ठेवत नाही. दार उघडून हातात चार वस्तू घेतल्या की त्या टेकवायच्या कुठे? आणि फ्रिज भिंतीच्या कोपऱ्यात ढकलू नका. आमचा तसाच होता. दार ९० अंशांपर्यंत उघडून भिंतीला आपटायचं आणि आतले ट्रे त्याच्या कडेला अडायचे. भाज्यांचा ट्रे धुवायला काढायचा तर अख्खा फ्रिज पुढे ओढावा लागे, म्हणून तो वर्षातून एकदाच धुतला जाई.

उंचीवर परत येतो. घरात दोन उंचीची माणसं स्वयंपाक करत असतील तर उंच माणसाच्या मापाने करा. बुटक्याला पायाखाली पाट घेता येतो, उंच माणसाला फरशीत खड्डा खणता येत नाही. बायकोच्या मते हा निकाल न्यायाधीशानेच स्वतःच्या बाजूने दिलाय. तिच्या म्हणण्यातलं एवढं खरं की शेगडीसमोर पाटावर उभं राहणं धोक्याचं आहे, पाय घसरला तर हात विस्तवावरच जातो. तेव्हा जागा असेल तर दोन उंच्यांचे दोन तुकडे करा, हेच उत्तम. घर पुढे विकायचं असेल तर मात्र माझं काही ऐकू नका, ३४-३६ मध्ये कुठेतरी ठेवा. आणि घरात कोणी बसून काम करणारं असेल तर ओट्याखाली गुडघे जायला जागा लागते, तिथे वरचे सगळे हिशेब बदलतात.

बारा वर्षं मी एकच गोष्ट सांगत आलोय: मला कोणी विचारलंच नाही. डिझायनरने नाही, सुताराने नाही, बायकोने तर नाहीच. नातेवाइकांना सांगितलं, ऑफिसात सांगितलं, आता तुम्हालाही सांगून झालं.

गेल्या महिन्यात जुना फ्रिज गेला. दोन माणसांनी तो कोपऱ्यातून बाहेर ओढला. मागच्या भिंतीला त्या वेळचाच रंग, कारण फ्रिजच्या मागे कोण रंगवतं? त्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा. खालची ३८ इंचांवर, पुढे बरोबरची खूण. वरची मी टेप लावून मोजली, ४५. तिच्यापुढे वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं, 'साहेब', आणि प्रश्नचिन्ह. सुतार मला साहेब म्हणायचा.

बायको ओल्या हातांनी येऊन बघत उभी राहिली. म्हणाली, "फोन कानाला लावूनच टेकला होतास इथे. त्याने विचारलं, साहेब, यातलं कोणतं धरू? तू म्हणालास, तिला विचारा."

मला यातलं काहीही आठवत नाही. आणि फोनवर बोलणाऱ्या माणसाचं उत्तर धरू नये, हे माझं म्हणणं अजूनही कायम आहे.

नवीन फ्रिज जुन्यापेक्षा दोन इंच अरुंद निघाला. मुद्दाम भिंतीपासून थोडा सरकवून ठेवलाय, दार पूर्ण उघडतं, ट्रे निघतात. फक्त वरच्या रेघेचं टोक आणि ते प्रश्नचिन्ह आता बाजूने दिसतं. मी रंगाचा डबा आणून ठेवलाय. ती म्हणते, राहू दे.