मुलांना टेकडीवर नेताय? एकाच झुडपापाशी थांबा

पहिल्यांदाच वर्गाला पुण्याच्या वेताळ टेकडीवर नेणार असाल, तर मोर शोधत फिरू नका. रुईचं झुडूप गाठा आणि तिथे चांगला अर्धा तास बसा. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा, म्हणजे इवल्या किड्यांचा थवा, रस शोषताना दिसेल. त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा चाटायला मुंग्या येतात आणि मावा खायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकावतात. पानं उलटलीत तर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळीही सापडेल. रुईचं विष तिच्या अंगात साठतं, त्यामुळे पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. मुलांना आधी विचारा, कोण कुणाला खातं? मग विचारा, कोण कुणाला वाचवतं? हा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, अन्नजाळं, म्हणजे या सगळ्यांची एकमेकांत गुंतलेली नाती, खरं तिथे उलगडतं.

हे जाळं मुलांना वहीत बाणांनी काढायला लावा. बाण अन्नाकडून खाणाऱ्याकडे हवेत. मुलं हटकून उलटे काढतात. जवळच गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडिया) झाड असेल, मूळचं मध्य अमेरिकेतलं. त्याच्या पानांवर कुरतडल्याच्या खुणा किती, याची रुईशी तुलना करायला लावा, म्हणजे बाहेरून आलेलं झाड इथले किडे किती खातात ते पाहता येईल.

आणि हो, रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. पानं तुम्हीच उलटा, नंतर सगळ्यांचे हात धुवून घ्या, मगच डबे उघडू द्या.