घराण्यात कोणालाच काही नाही, मग पोटातल्या बाळाच्या अंगात पाणी झालं ते जेनेटिक कसं?

ताई, अठराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटात आणि छातीत पाणी दिसलं, मानेमागे सूज आहे, डॉक्टर म्हणाले जेनेटिक असू शकतं, आणि तुम्ही विचारताय की आमच्या दोघांकडे असं कधी कोणाला झालं नाही मग जेनेटिक कसं. अगदी हाच प्रश्न मी विचारला होता, त्याच टेबलावर, पोटावरची जेलसुद्धा पुसली नव्हती. मी डॉक्टर नाही, पण या चक्रातून दोनदा गेलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. माझ्या पहिल्या बाळाच्या छातीत त्या काळ्यात दोन इवलीशी फुप्फुसं पंखांसारखी तरंगत होती, ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही. दोन किंवा जास्त ठिकाणी असं पाणी असेल (पोट, फुप्फुसाभोवती, हृदयाभोवती, कातडीखाली) तर त्याला हायड्रॉप्स म्हणतात. पण हायड्रॉप्स हे आजाराचं नाव नाही, अंगात ताप असावा तसं लक्षण आहे, त्यामागचं कारण वेगळं शोधावं लागतं. पूर्वी बरेचदा आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह यातून व्हायचं, १९६८ च्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन आलं तेव्हापासून ते खूप कमी झालं, आता दहातल्या जवळपास नऊ केसेसमध्ये कारण दुसरंच निघतं.

आता लिम्फचं. रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सतत बाहेर पाझरत असतं, ते गोळा करून परत रक्तात आणून सोडायचं काम लसिकावाहिन्यांचं, म्हणजे लिम्फच्या बारीक नळ्यांचं. बाळ पोटात असताना अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत मानेजवळ लिम्फच्या पिशव्या तयार होतात आणि मग त्या मोठ्या शिरेला जोडल्या जातात. ही जोडणी झाली नाही, किंवा नळ्यांच्या झडपा नीट बनल्या नाहीत, तर पाणी मागे तुंबतं. म्हणून मानेमागची सूज आधी दिसते, ११ ते १४ आठवड्यांत जी एनटी मोजतात ती ३.५ मिलिमीटरच्या वर गेली की डॉक्टर लगेच सावध होतात ते त्यामुळेच.

ह्या जोडणीचा नकाशा जीन्समध्ये असतो आणि तो बऱ्याच प्रकारे बिघडतो. एक म्हणजे अख्खा क्रोमोझोम कमी-जास्त, टर्नर सिंड्रोममध्ये मुलीला दोनऐवजी एकच एक्स क्रोमोझोम असतो आणि मानेमागे मोठी पाण्याची पिशवी दिसते, डाऊन सिंड्रोममध्येही पाणी होऊ शकतं. टर्नर बहुतेक वेळा निव्वळ योगायोगाने होतं, घराण्याचा काही संबंध नसतो.

दुसरं म्हणजे एका जीनमधला छोटा बदल, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. तो बदल बाळातच नव्याने झालेला असू शकतो, नूनन सिंड्रोम नावाच्या आजारात बरेचदा तसंच असतं, त्यातल्या साधारण निम्म्या केसेसमध्ये पीटीपीएन११ नावाचा जीन सापडतो. किंवा आईबाबा दोघंही ठणठणीत, पण दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत लपलेली असते आणि बाळाला दोन्ही मिळतात, पिएझो१ जीनमुळे होणारा लिम्फचा आजार असाच असतो आणि पेशींत कचरा साठणारे काही आजारही, अशा वेळी पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका राहतो. अल्फा थॅलेसेमियाचंही तसंच, फक्त तिथे लिम्फ ठीक असतं, बाळाचं रक्त इतकं कमी होतं की हृदय थकतं आणि मग पाणी साठतं. (म्हणून बाळाच्या मेंदूतल्या धमनीचा डॉपलर (रक्ताचा वेग बघणारी सोनोग्राफी) झालाय का ते नक्की विचारा, त्यावरून बाळाला अ‍ॅनिमिया आहे का याचा अंदाज येतो आणि तो असेल तर कधीकधी पोटातच रक्त देता येतं. पार्वोव्हायरसच्या इन्फेक्शननेसुद्धा असा अ‍ॅनिमिया होतो, म्हणजे प्रत्येक वेळी जेनेटिकच असतं असंही नाही.)

आणि तिसरी शक्यता जी आमच्या घरात निघाली. बदल आई किंवा बाबांकडे असतो पण त्यांच्यात इतका पुसट दिसतो की कोणी त्याला आजार म्हणतच नाही.

पहिल्या बाळाचा कॅरिओटाइप नॉर्मल आला, बाळ विसाव्या आठवड्यात गेलं, आणि आम्हाला सांगितलं की रिपोर्ट नॉर्मल आहे, जेनेटिक काही नाही, पुढच्या वेळी बिनधास्त राहा. हे वाक्य चुकीचं होतं आणि त्याचा मला आजही राग आहे. कॅरिओटाइप म्हणजे पुस्तकाची पानं पूर्ण आहेत का ते मोजणं, एखाद्या ओळीत अक्षर चुकलंय का ते त्यात कळत नाही. मायक्रोअ‍ॅरेमध्ये गहाळ झालेला परिच्छेद कळतो, आणि अक्षरांच्या चुका बघायला एक्झोम टेस्ट लागते. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२० साली एक अभ्यास आला होता, ज्यांच्या कॅरिओटाइप किंवा मायक्रोअ‍ॅरेत कारण सापडलं नव्हतं अशा १२७ हायड्रॉप्सच्या केसेसमध्ये एक्झोम केलं तर ३७ मध्ये कारण मिळालं, आणि त्यात सगळ्यात जास्त नूननसारखे आजार होते.

दुसऱ्या वेळी बाराव्या आठवड्यात एनटी ४.१ आली तेव्हा आम्ही जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घराण्यात बाळं दगावलीत का एवढंच विचारलं नाही, कोणाच्या पायाला सूज येते का, हृदयात छिद्र होतं का, पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत का असं एकेक विचारत गेल्या. नवऱ्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली. डाव्या पोटरीवर निळ्या जाड वेड्यावाकड्या शिरा, एकोणीस-वीस वर्षांचा असल्यापासूनच्या, आम्ही समजत होतो उभं राहून काम केल्यामुळे आहेत. पहिल्या बाळाचा डीएनए नशिबाने लॅबमध्ये ठेवलेला होता, तो आणि आमचा दोघांचा असा तिघांचा एकत्र तपासला, तर ईपीएचबी४ जीनमध्ये बदल निघाला, बाळात आणि नवऱ्यात एकच. लिम्फ आणि शिरा यांची जोडणी आणि झडपा बनवण्यात हा जीन लागतो. एकाच घरात हा बदल कोणाच्या फक्त पायात दिसतो, कोणाच्या हृदयात छोटं छिद्र ठेवतो आणि कोणाचा पोटातच जीव घेतो. दर वेळी बाळाकडे जायची शक्यता निम्मी.

दुसऱ्या बाळाकडेही तो आला होता. विसाव्या आठवड्यानंतर एका फुप्फुसाभोवती पाणी झालं, दर आठवड्याला सोनोग्राफी, मी तेव्हा फक्त त्या काळ्या पट्टीची रुंदी बघायचे, आणि तिसाव्या आठवड्यापर्यंत ती हळूहळू ओसरली. मुलगी आता चार वर्षांची आहे, हृदयात बारीक छिद्र आहे, त्यावर लक्ष ठेवून आहोत. तुमचंही असंच होईल असं मी म्हणू शकत नाही, लवकर सुरू झालेलं आणि खूप ठिकाणी असलेलं पाणी अवघड असतं हे खरं आहे.

तर आत्ता काय करायचं. अ‍ॅम्निओ (बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासणं) करणार असाल तर मायक्रोअ‍ॅरे नॉर्मल आला तर त्याच नमुन्यावर पुढे एक्झोम करता येईल का हे आधीच विचारा आणि डीएनए जपून ठेवायला सांगा, दुर्दैवाने बाळ गेलं तरी, तेव्हा हे कोणाला सुचत नाही आणि नमुना एकदा गेला की गेला. एनआयपीटी (आईच्या रक्तावरून होणारी तपासणी) नॉर्मल आली असेल तर त्यावर थांबू नका, ती साधारणपणे मोजक्या क्रोमोझोमची संख्या बघते, एकेका जीनमधला बदल नाही. दोन्ही घरी फोन करून पायाची सूज, शिरा, हृदय, लहानपणी गेलेली भावंडं, सगळं विचारून लिहून काढा. आणि तुम्ही काही खाल्लं, काही उचललं म्हणून हे झालेलं नाही, कोणी तसं म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

एक मात्र अगदी महत्त्वाचं, ते तुमच्या स्वतःबद्दल. बाळाच्या अंगात पाणी असताना क्वचित आईलाही तसंच होतं, त्याला मिरर सिंड्रोम म्हणतात. चेहरा किंवा हातपाय एकदम सुजले, वजन झपाट्याने वाढलं, डोकं दुखायला लागलं, दम लागला किंवा बीपी वाढलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.