नागपुरात बोअरचं पाणी लोकोमोबाइल पद्धतीच्या वाफगाडीच्या बॉयलरला चालेल का?

नाही, बोअरचं अजिबात नको. छतावरचं गाळलेलं पावसाचं पाणी साठवा, नाहीतर आरओचं वापरा. 1900 च्या सुमाराच्या या अमेरिकी वाफेवरच्या मोटारगाड्यांना कंडेन्सर, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणारा भाग, नसतो. वाफ बाहेर जाते, किलोमीटरला साधारण अडीच लिटर पाणी लागतं आणि त्यातला क्षार सगळा बॉयलरमध्येच राहतो. लिटरमागे 400 मिलिग्रॅम क्षार धरला, तरी 100 लिटरला, म्हणजे जेमतेम 40 किलोमीटरला, 40 ग्रॅम झाला. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांवर बसतो तोच हा पांढरा थर. तो उष्णता अडवतो, मग बर्नरकडच्या खालच्या प्लेटपाशी तांब्याच्या नळ्या जास्त तापून त्यांचे प्लेटमध्ये रोल करून बसवलेले सांधे गळू लागतात. शेकडो बारीक नळ्यांच्या त्या जंगलात खरवडायला हात जात नाही, म्हणून थर बसूच न देणं महत्त्वाचं. पेंच धरणाचं नळाचं पाणीही आधी टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरने तपासा. गाडी फिरवून आणल्यावर बर्नर बंद करा, दाब 1-2 बारवर उतरू द्या आणि ब्लोडाउन व्हॉल्व्ह उघडून गाळ काढा.

मात्र आरओचं आणि पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, नुसतं भरलं तर बॉयलरचं पोलाद आतून गंजतं. धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट विरघळवून बॉयलरमधल्या पाण्याचा पीएच 10.5 ते 11 ठेवा, पट्टीने बघत. सोडा जास्त झाला की पाणी फेसाळून वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतं, आणि पाणी दाबलं जात नसल्याने सिलिंडरचं झाकणही फुटू शकतं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासमध्ये फेस दिसला की आधी थ्रॉटल कमी करा.