गावाच्या मालकीचं इंटरनेट: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या खेड्यांनी 2011 मध्ये स्वतःची इंटरनेट कंपनी काढली, ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ, तिकडे सगळे तिला बार्न म्हणतात. तिकडच्या मराठी मंडळींचे आणि इकडच्या वाचकांचे त्यावर तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकत्र उत्तरं देतोय.

खेड्यातल्या घरात खरंच 1000 एमबीपीएस मिळतं?

मिळतं, अपलोडलाही तेवढंच. फक्त वायफायवर मोजू नका, केबल लावून मोजा.

बार्नचे शेअर घ्यायचा विचार आहे. मित्र म्हणतो पुढे भाव दुप्पट होईल. घेऊ का?

भाव वाढत नाही हो! किती वेळा सांगायचं, हा शेअर बाजारातला शेअर नाही, ही कम्युनिटी बेनिफिट सोसायटी आहे, म्हणजे गावाच्या भल्यासाठी चालणारी संस्था, एका पौंडाचा शेअर एका पौंडाचाच राहतो, दुसऱ्याला नफ्यात विकता येत नाही, पैसे परत मागायचे ते सोसायटीकडेच आणि ते कधी द्यायचे हे संचालक मंडळ हातातला पैसा बघून ठरवतं. व्याजाची हमी नाही, बँकेतल्या ठेवीसारखं संरक्षणही नाही. आणि शेअर कितीही घ्या, मत एकच, आपल्याकडच्या सहकारी सोसायटीसारखं, म्हणून तर कुणी बडा पैसेवाला शेअर गोळा करून कंपनी खिशात घालू शकत नाही. हे नेटवर्क उभं राहिलं कशावर ते बघा. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून डक्ट, म्हणजे फायबर घालायची नळी, फुकट जाऊ दिली, गावकऱ्यांनी स्वतः चर खणले, मग त्या डक्टमधून हवेच्या दाबाने फायबर ढकलली. रस्ता फोडण्यापेक्षा शेत खणणं खूप स्वस्त पडतं, सगळं गणित तिथेच जमलं. अशा कामाला दुप्पट पैशाची स्कीम म्हणून कुणी खपवत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. अडीनडीचा पैसा यात घालू नका, शेअरचं माहितीपत्रक पूर्ण वाचा आणि स्वतंत्र आर्थिक सल्लागाराला दाखवूनच सही करा.

फायबर आली, आता जुनी लँडलाइन काढू का? सासूबाईंच्या गळ्यात इमर्जन्सी अलार्म आहे, बटण दाबलं की फोनलाइनवरून मदत बोलावणारा.

आज नको. वीज गेली की राउटर बंद, आणि फोन राउटरवर असेल तर तोही बंद. आधी अलार्म कंपनीला विचारा की हे उपकरण डिजिटल लाइनवर चालतं का, बॅटरी बॅकअप घ्या, मेन स्विच बंद करून अलार्म खरंच लागतोय का ते बघा. पण हे पुढेही ढकलू नका, ब्रिटनमधली जुनी फोनसेवा जानेवारी 2027 पर्यंत बंद करायचं ठरलंय.

सिंधुदुर्गात आमच्या वाडीत असंच करायचंय. परवाना लागत नाही असा मेसेज आलाय, वर्गणी सुरू केलीय.

वर्गणी थांबवा. पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेत हॉटस्पॉट चालवणाऱ्याला (त्याला पीडीओ म्हणतात) परवाना लागत नाही, एवढंच त्यात खरं. घरोघरी फायबर टाकून स्वतः नेट विकायचं तर दूरसंचार विभागाची परवानगी लागते, शिवाय विजेचे खांब वापरायची आणि रस्ता ओलांडायची परवानगी वेगळी. तालुक्यातल्या परवानाधारक आयएसपीशी, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीशी बोला, सहकारी संस्था करायची तर उपनिबंधकांच्या ऑफिसात जाऊन विचारा, हिशेबासाठी सीए गाठा, आणि तोवर जमलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्या.