टॉर्च बनवण्यासाठी लेथ घ्यावा का? एफडी मोडण्याआधीचा हिशेब

प्रश्न : मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, राहायला सिडकोत. पगार हातात ४६,००० रुपये येतो. गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ३४,००० आणि एसआयपी ५,०००. बचत खात्यात ९०,००० आहेत, शिवाय दोन लाखांची दोन वर्षांची एफडी ७ टक्क्यांनी, तिचे ११ महिने बाकी. मला जास्त ताकदीचे टॉर्च बनवायचा नाद आहे. १,०५,००० रुपयांचा छोटा लेथ (धातूचा रॉड फिरवून कातणारे यंत्र) घेऊन, क्री एक्सएचपी७०.२ एलईडी टाकून ४,००० ल्युमेनचा टॉर्च बनवायचा आणि ६,५०० ला विकायचा, असे महिन्याला चार. सुट्या भागांचा खर्च नगाला २,७००. एफडी मोडू, की १४ टक्क्यांनी दीड लाखाचे पर्सनल लोन घेऊन एसआयपी थांबवू?

उत्तर : आत्ता दोन्ही करू नका. पण लेथचा विचार सोडूही नका, कारण ११ महिन्यांनी तो कर्जाशिवाय जवळपास तुमच्या आवाक्यात येतो.

आधी कर्जाचे बघू. दीड लाख, १४ टक्के, तीन वर्षे म्हणजे हप्ता साधारण ५,१२७ रुपये आणि एकूण व्याज साडेचौतीस हजार. एफडी मोडण्याची लोकांना उगाच धास्ती असते. १३ महिन्यांसाठीचा दर साडेसहा टक्के असेल आणि बँकेने एक टक्का दंड कापला, तरी नुकसान ३,२५० च्या आसपास. तेव्हा या दोघांतच निवडायचे असेल तर एफडी कितीतरी स्वस्त. अडचण दंडाची नाही. घरखर्चाचे सहा महिने म्हणजे २,०४,००० रुपये तुम्ही बाजूला ठेवायलाच हवेत. बचत आणि एफडी मिळून २,९०,००० होतात, त्यामुळे छंदासाठी खरोखर मोकळे आहेत ते ८६,००० रुपये. एसआयपीला हात लावायचे तर काहीच कारण नाही.

आता लेथ. १,०५,००० ही नुसत्या मशीनची किंमत झाली. क्विक-चेंज टूल पोस्ट, बोरिंग बार, अॅल्युमिनियम कापायच्या धारदार टिपा, ड्रिल चक, मोठी ड्रिल, स्टेडी (लांब रॉडला बाहेरून आधार देणारी कडी), डिजिटल व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि भक्कम टेबल धरले की आणखी ४५,००० लागतात. स्टेडी चैन म्हणून घ्यायची नाही. या वर्गाच्या लेथच्या स्पिंडलचे, म्हणजे फिरणाऱ्या पोकळ दांड्याचे, भोक साधारण २० मिमीचे असते. टॉर्चची साधारण ३० मिमीची बॉडी त्यातून जात नाही, म्हणजे सव्वाशे मिमीचा रॉड चकच्या, म्हणजे पकडणाऱ्या जबड्याच्या, बाहेर लोंबकळत राहणार. २१७०० सेल (२१ मिमी जाड, ७० मिमी लांबीचा लिथियम सेल) आवरणासह आत सहज सरकायला २२ मिमीचे भोक ७५ मिमीपेक्षा खोल हवे. आधी १०, मग १६, मग २० चे ड्रिल आणि शेवटी बोरिंग. एवढ्या खोलीवर बारीक बोरिंग बार थरथरतो, चॅटरच्या रेघा उमटतात, भोक निमुळते होते आणि सेल अडकतो. स्टेडी नसेल तर पहिले काही रॉड भंगारातच जातील.

अॅनोडायझिंगचा (अॅल्युमिनियमवर कठीण ऑक्साइडचा थर चढवण्याचा) खर्च तुमच्या आकड्यांत दिसत नाही. हार्ड अॅनोडायझिंगवाले लॉटवर किमान आकार लावतात, तो चार नगांवर भारी पडतो. २५ मायक्रॉनच्या थरापैकी निम्मा बाहेर वाढतो. दोन्ही बाजूंचे आटे अॅनोडाइझ केले तर आट्यांच्या तिरक्या उतारांमुळे व्यासात मिळून ०.१ मिमी जागा खाल्ली जाते, म्हणून आधी छान बसलेले आटे नंतर जाम होतात. शिवाय थर वीज वाहू देत नाही. टेलकॅप (मागचे झाकण) जिथे बॉडीला टेकते ती कड मोकळी ठेवावी लागते, नाहीतर टॉर्च लागतच नाही. हे अॅनोडायझिंग, बाद नग, टिपा, पॅकिंग आणि वॉरंटीत परत आलेले नग यांसाठी मी नगाला ९०० धरतो. मग हातात २,९०० उरतात. लोन घेतले तर नुसता हप्ता भरायला दरमहा दोन टॉर्च विकावेच लागतील, आणि तेही पहिल्या महिन्यापासून.

वॉरंटीवर जोर देतो, कारण नग परत येण्याचा धोका तुमच्या डिझाइनमध्येच दडलेला आहे. ४,००० ल्युमेनला हा एलईडी साधारण ३० वॅट घेतो, त्यातली सुमारे २० वॅट उष्णता होते. बॉडी २०० ग्रॅम अॅल्युमिनियमची असेल तर तापमान मिनिटाला साडेसहा अंशांहून जास्त चढते. ३० वरून ६० अंशांवर जायला साडेचार मिनिटे पुरतात. हवेत थोडी उष्णता जाते, पण ड्रायव्हरची (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटची) भर पडते. एका सेलमधून ३० वॅट काढायला बूस्ट (व्होल्टेज वाढवणारा) ड्रायव्हर ९ अँपिअरच्या पुढे खेचतो; ५,००० एमएएचचा सेल जेमतेम अर्धा तास पुरेल. तापमान बघून प्रकाश उतरवणारा ड्रायव्हर घ्या. एलईडी ज्या पाटीवर असतो ती उष्णता थेट तांब्यातून खाली नेणारी हवी आणि ती पाटी बसते तो तळ हेडच्याच धातूतून कोरून काढा. वेगळी चकती दाबून बसवली की सांध्यात उष्णता अडते.

आणि गिऱ्हाईक कोण? निफाड-दिंडोरीकडे रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला, उसात बिबट्याची भीती असणाऱ्याला, लांबवर जाणारा झोत हवा असतो. झोताचे अंतर एकूण प्रकाशावर (ल्युमेन) नव्हे, झोताच्या तीव्रतेवर (कँडेला) ठरते: ४०,००० कँडेला असतील तर ४०० मीटर. त्यासाठी छोटा एलईडी आणि खोल रिफ्लेक्टर लागतो, एक्सएचपी७०.२ नव्हे. पण त्या शेतकऱ्याची ‘बॅटरी’ हजाराच्या आतबाहेरची असते. ६,५०० देणारा हौशी ट्रेकर किंवा संग्राहक असतो, आणि असे चौघे दर महिन्याला भेटतील का, यावरच हा सगळा हिशेब उभा आहे.

म्हणून आधी पाच बॉडी सातपूर किंवा अंबडमधल्या जॉबवर्कवाल्याकडून करून घ्या. प्रत्येक मापात किती फरक चालेल (टॉलरन्स) ते ड्रॉइंगवर लिहून द्या. टर्निंग-बोरिंगचे १,२०० च्या आत बसले तर नग ४,८०० ला पडतो, पाचांचे २४,०००. चार विकले तरी २६,००० येतात. विकताना सेल सोबत देऊ नका. सुटे लिथियम सेल कुरिअरमधून पाठवणे जिकिरीचे असते, म्हणून गिऱ्हाइकाला बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा सेल स्वतः घ्यायला सांगा. एलईडी हँड लॅम्प बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीत आहेत. तुमचा टॉर्च त्यात मोडतो का, हे पहिला नग विकण्याआधी लेखी विचारून घ्या. आणि महाराष्ट्राबाहेर एक जरी नग विकायचा असेल तरी जीएसटी नोंदणी लागते, उलाढाल कितीही लहान असो.

दरमहा उरणारे ७,००० वेगळ्या खात्यात टाका. ११ महिन्यांत ७७,००० जमतील, त्यात ८६,००० मिळवले की १,६३,०००. चाचणीचे सगळे पैसे बुडाले तरी १,३९,०००. चार टॉर्च विकले गेले तर दीड लाखाचा पूर्ण सेट रोखीने येतो. एकही विकला गेला नाही, तर लेथ छंद म्हणून घ्या, पण टूलिंग टप्प्याटप्प्याने.

एफडीला ऑटो-रिन्युअल लावलेले असेल तर ते आत्ताच काढून टाका. नाहीतर मुदत संपल्यावर पैसे आपोआप पुन्हा दोन वर्षांसाठी अडकतील आणि लेथच्या वेळी परत मोडण्याचाच प्रश्न येईल.